सायबर-फिजिकल सुरक्षेवर एकत्र संशोधन करायचंय? इंदुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी इंदूरच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. पाच वर्षांपूर्वी मी आणि कॉम्प्युटर विभागातला एक सहकारी, दोघांनी एक विषय हाती घेतला. कारखान्यातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर सायबर हल्ला झाला तर तो ओळखायचा कसा, आणि ओळखेपर्यंत प्लँट चालू कसा ठेवायचा? आमचा अंदाज होता, सहा महिन्यांत पहिला पेपर. प्रत्यक्षात पहिले अकरा महिने सह्या-शिक्क्यांतच गेले. बाकीची चूक आमचीच होती, ती पुढे येईलच. तुमचे निदान ते अकरा महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

नवख्यांसाठी एवढंच: पंप, व्हॉल्व्ह, ब्रेकर, रेल्वेचा सिग्नल अशी खरीखुरी वस्तू आणि तिला चालवणारं सॉफ्टवेअर-नेटवर्क, यांची सांगड म्हणजे सायबर-फिजिकल सिस्टिम. इंदूरकरांना उदाहरण लांब शोधायला नको. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटर लांब आणि विंध्याचा चढ चढवून आपल्या नळाला येतं. त्या पंपांच्या वीजबिलाचा भार एवढा, की महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. पाणी, वीज आणि संगणक एकमेकांत किती गुंतलेत ते यावरून कळतं.

१. सुरक्षा की चिवटपणा, ते आधी ठरवा

निधीच्या अर्जात सगळे दोन्ही शब्द जोडीने लिहितात आणि काम फक्त पहिल्यावर करतात. आम्हीही तेच केलं होतं.

फरक समजायला युक्रेन घ्या. डिसेंबर २०१५मध्ये तिथल्या वीज वितरण कंपन्यांच्या नियंत्रण यंत्रणेत हल्लेखोर शिरले, त्यांनी दुरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तिथे सुरक्षा हरली होती. पण काही तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी सबस्टेशनवर गेले आणि ब्रेकर हाताने बसवले. हाताने चालवायची सोय शाबूत होती आणि ती वापरता येणारी माणसं होती, म्हणून यंत्रणा तगली. चिवटपणा म्हणतात तो हा.

उलट टोकाला ऑस्ट्रेलियातलं मरूची. २००० साली एका माजी कंत्राटी माणसाने रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपांना चुकीच्या आज्ञा दिल्या आणि सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत आणि ओढ्यांत गेलं. सुरुवातीला लोकांना वाटलं, नवीन यंत्रणेत काहीतरी बिघाड आहे. बिघाड आणि हल्ला वेगळे ओळखणं हा आजही या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत रसाळ प्रश्न आहे. एम.टेक.च्या मुलांना मी तोच देते.

तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात 'किती वेळात' हे शब्द येतात का ते बघा. 'टाकी रिकामी व्हायच्या आत, म्हणजे वीस मिनिटांत, खोटं रीडिंग ओळखता येईल का?' हा प्रश्न झाला. 'एआय वापरून पायाभूत सुविधांची सुरक्षा' हे कॉन्फरन्सचं नाव झालं.

२. कोड लिहायच्या आधी कंट्रोल रूममध्ये बसा

आमच्याकडून राहिलेली पायरी हीच.

पीथमपूरच्या एका कारखान्याने आम्हाला त्यांच्या सांडपाणी प्रक्रिया प्लँटचा चार महिन्यांचा डेटा दिला. आम्ही कॉलेजात बसून त्यावर हल्ला ओळखणारं मॉडेल शिकवलं. निकाल इतके छान आले की आनंदात आम्ही सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला. मग ते मॉडेल प्लँटच्या ताज्या डेटावर चालवलं, तर रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला 'हल्ला'. रविवार सोडून रोज! सहकाऱ्याला वाटलं, नेटवर्कमध्ये खरंच कुणीतरी बसलंय. दोन रात्री आम्ही पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, चाळत काढल्या.

तिसऱ्या दिवशी प्लँटवर गेलो. पहाटेच्या शिफ्टला एक ऑपरेटर असतात, मूळचे बऱ्हाणपूरचे, त्यामुळे मराठीतच बोलणं झालं. एचएमआयच्या, म्हणजे प्लँट दाखवणाऱ्या-चालवणाऱ्या पडद्याशेजारी त्यांची लाल कापडी पाठीची वही, तीत तासातासाला निळ्या पेनाने टाकीतल्या पाण्याची लेव्हल लिहिलेली. पडदा सांगत होता ७१ टक्के, वहीत होते ६२.

"दादा, हे वेगळं कसं?"

"मॅडम, वरती फेस आहे. सेन्सर फेसालाच पाणी समजतो. मी काठी टाकून बघतो."

"आणि साडेसहाला काय होतं?"

"काय होणार? बॅकवॉश. फिल्टर उलटा धुतो आम्ही. रविवारी पाणीच कमी येतं, मग कशाला धुवायचा?"

आमचा हल्लेखोर म्हणजे फिल्टर धुणारा माणूस. चार महिन्यांच्या डेटात बॅकवॉशचा कॉलम नव्हता, कारण तो व्हॉल्व्ह हाताने फिरवतात आणि हिस्टोरियनला, म्हणजे रीडिंग साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्याचा पत्ताच नसतो. शिकवताना सकाळच्या त्या ओळी 'नॉइज' म्हणून आम्हीच काढून टाकल्या होत्या, हेही सांगून टाकते.

तेव्हा निदान तीन वेगवेगळ्या शिफ्ट पूर्ण बसा, त्यातली एक रात्रीची. सोबत वही न्या, लॅपटॉप नको. लॅपटॉप उघडला की लोक तपासणी समजून गप्प होतात. विचारायचं ते असं: कोणतं रीडिंग खोटं बोलतं? कोणता अलार्म तुम्ही बघता न बघता बंद करता? काय हाताने चालतं? गेल्या वेळी प्लँट बंद पडला तेव्हा आधी काय दिसलं होतं? पासवर्ड पडद्यावर चिकटवलेला दिसला तर चेहरा सरळ ठेवा. सल्ला द्यायची वेळ ती नव्हे.

३. जोडीदार: तिघं लागतात

एक, ज्याच्याकडे यंत्र आहे. दोन, कंट्रोल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन जाणणारा. तीन, नेटवर्क आणि सुरक्षा जाणणारा. दोघांतच भागवायचा मोह होतो, पण प्लँटवाला नसला की संशोधन हवेत राहतं.

इंदुरात माणसं आहेत. सिमरोलचं आयआयटी (स्थापना २००९), एसजीएसआयटीएस हे इंजिनीअरिंग कॉलेज, देवी अहिल्या विद्यापीठाची इंजिनीअरिंग संस्था. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८मध्ये ३६६० कोटींचं आंतरशाखीय सायबर-फिजिकल प्रणालींचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं आणि त्याखाली देशभर २५ हब, म्हणजे संशोधन केंद्रं, उभे राहिले. त्यातला एक आयआयटी इंदूरचा 'दृष्टी सीपीएस फाउंडेशन', भर सिम्युलेशन, मॉडेलिंग आणि व्हिज्युअलायझेशनवर. सायबर सुरक्षेचा हब आयआयटी कानपूरला आहे, 'सीथ्रीआय'. इंदूरचा गणिती, कानपूरचा सुरक्षावाला आणि पीथमपूरचा कारखाना, अशी मोट बांधता येते.

पहिला ई-मेल दहा ओळींचा असू द्या. प्रश्न, तुमच्याकडे काय आहे, त्यांच्याकडून काय हवं. बायोडेटा जोडू नका, मागितला तर द्या. आठ दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतर फोन नाही, थेट जाऊन भेटा. आपल्या शहरात पोह्यांच्या प्लेटवर जे ठरतं ते मेलवर ठरत नाही.

कारखान्यात कोणाला भेटायचं? एचआरला नको, आयटीलाही आधी नको. युटिलिटी किंवा मेंटेनन्सचा हेड. आयटीचा माणूस 'नाही' म्हणण्याचाच पगार घेतो आणि ते त्याचं काम चोख करत असतो. मेंटेनन्सवाल्याला त्याचा अलार्म का वाजतो हे खरंच जाणून घ्यायचं असतं. तो पटला की आयटीला तोच सांभाळतो.

४. कागद

ही यादी छापून भिंतीवर लावा:

- दोन्ही संस्थांच्या सह्यांचा एमओयू, म्हणजे सामंजस्य करार. सही संस्थाप्रमुखाची किंवा लेखी अधिकार दिलेल्याची. विभागप्रमुखाच्या सहीचा एमओयू ऑडिटमध्ये टिकत नाही.
- गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए. हा एमओयूच्या आधी, पहिल्या प्लँट-भेटीपूर्वी.
- डेटा करार: कोणता डेटा, किती काळ, कुठे ठेवायचा, कोण बघणार, संपल्यावर नष्ट कसा करायचा.
- चाचणीचं परवानगीपत्र: कोणत्या तारखा, कोणती यंत्रं, कोणती कृती चालेल, कोणती नाही.
- बौद्धिक संपदेची वाटणी आणि पेपर छापण्याआधी कंपनी किती दिवसांत वाचून देईल ते. आम्ही ३० दिवस लिहिले. उत्तर नाही आलं तर होकार समजायचा, हे वाक्यही घातलं.
- विद्यार्थ्यांची सुरक्षा: गेट पास, विमा, हेल्मेट-बूट, क्लोरीन असलेल्या खोलीचे नियम.

चौथ्या कागदावर जरा थांबते, कारण इथे तुरुंगाचा प्रश्न आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६नुसार मालकाच्या परवानगीविना संगणक यंत्रणेत शिरणं, तेही अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्याचं ठरलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्रणा सरकारने 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेली असेल तर कलम ७० लागतं आणि कैद दहा वर्षांपर्यंत जाते. 'आम्ही फक्त बघत होतो' हा बचाव उभा करण्याची वेळच येऊ देऊ नका. तोंडी 'हो हो, बघा ना' म्हणणारा मॅनेजर उद्या बदलून जातो.

आणखी एक कलम आमच्या पहिल्या मसुद्यात नव्हतं: काम करताना खरीच घुसखोरी दिसली तर? सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. कळवायची जबाबदारी कंपनीची. पण तुम्ही कंपनीतल्या कोणाला, कोणत्या फोनवर, किती मिनिटांत सांगायचं, हे एमओयूतच लिहून घ्या. रात्री अडीचला नंबर शोधत बसू नये.

५. खऱ्या प्लँटला हात नको, टेस्टबेड बांधा

औद्योगिक नेटवर्कवर अजूनही मोडबस सर्रास चालतो. यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा हा प्रोटोकॉल १९७९चा. त्याच्या मूळ रूपात ना पासवर्ड, ना सही. ज्याला तारेपर्यंत पोचता आलं त्याची आज्ञा पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, ऐकतो. आणि जुने पीएलसी इतके नाजूक, की ऑफिसच्या नेटवर्कवर निरुपद्रवी असलेलं साधं पोर्ट-स्कॅनही (यंत्राची कोणती दारं उघडी आहेत ते चाचपणं) त्यांना गोठवू शकतं. म्हणून खऱ्या प्लँटवर फक्त ऐकायचं: स्विचच्या मिरर पोर्टवरून, जिथे सगळ्या पॅकेटांची नक्कल मिळते, पॅकेट घ्यायचे, एकही पाठवायचा नाही. तेही परवानगीपत्र खिशात असताना.

हल्ले करायचे ते आपल्या टेबलावर. आमचा पहिला टेस्टबेड, म्हणजे चाचणीसाठीचा छोटा प्लँट: वीस-वीस लिटरच्या दोन टाक्या, कूलरचे दोन पंप, दोन अल्ट्रासॉनिक सेन्सर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर ओपनपीएलसी हे फुकट सॉफ्टवेअर. पाइप-फिटिंग सियागंजातून, इलेक्ट्रॉनिक्स जेल रोडवरून. सगळं पंचवीस हजारांच्या आत बसलं. पहिल्याच आठवड्यात टाकी ओसंडून लॅबची फरशी भिजली, तेव्हा वरच्या टाकीला बॉलकॉक बसवला. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, पाणी वर चढलं की गोळा उचलला जातो आणि नळ बंद होतो. मुलांना चिवट रचना शिकवायला मी आजही तो पितळी बॉलकॉकच दाखवते.

मोठं जाळं हवं असेल तर एपानेट घ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं हे पाणीवाटपाचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पायथनमधून चालवता येतं. पॅकेट बघायला वायरशार्क. हल्ल्यांचं वर्गीकरण स्वतः शोधून काढू नका. मायटर या अमेरिकी संस्थेचा 'अटॅक' हा औद्योगिक यंत्रणांसाठीचा तक्ता वापरा. रचनेसाठी आयईसी ६२४४३ ही मानकमालिका आणि निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचं ८००-८२ हे मार्गदर्शक वाचा. दुसरं मोफत मिळतं, पहिली विकत घ्यावी लागते, तेव्हा ग्रंथालयाच्या बजेटात वेळेत टाका.

६. तयार डेटा आणि त्यातले खड्डे

सिंगापूरच्या एसयूटीडी विद्यापीठातल्या आयट्रस्ट केंद्राचा 'स्वॉट' नावाचा सहा टप्प्यांचा जलशुद्धीकरण टेस्टबेड आहे. त्याचा ११ दिवसांचा डेटा संशोधनासाठी अर्ज करून मिळतो: ७ दिवस सुरळीत, ४ दिवस हल्ल्यांचे, ५१ सेन्सर आणि अॅक्च्युएटर (पंप, व्हॉल्व्ह वगैरे). अर्ज संस्थेच्या ई-मेलवरून करा. मिळालेला डेटा मित्राच्या ड्राइव्हवर टाकू नका, अटींचा भंग होतो.

दोन खड्डे. सुरुवातीचे काही तास प्लँट रिकाम्या अवस्थेतून स्थिरावत असतो. तो भाग तसाच शिकवला तर मॉडेल बिघडतं. दुसरा खड्डा निकाल मोजण्यात. हल्ल्याच्या अख्ख्या कालखंडात एक बिंदू जरी पकडला तरी सगळा कालखंड पकडला असं धरायची एक पद्धत रूढ झालीय. त्या हिशेबाने नाणं उडवून दिलेली उत्तरंही झकास गुण मिळवतात. तुमचे आकडे फार छान आले की आधी याच पद्धतीवर संशय घ्या, कीस नंतर.

७. पैसे

थोडक्यात. मिशनच्या हबांकडून वेळोवेळी प्रस्ताव मागवले जातात. मूलभूत प्रश्न असेल तर एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला निधी देणारं केंद्राचं प्रतिष्ठान. जुनं एसईआरबी आता त्यातच विलीन झालंय, त्यामुळे जुन्या फॉर्मचे नमुने जपून वापरा. परदेशी विद्यापीठासोबत असेल तर शिक्षण मंत्रालयाची स्पार्क योजना बघा. नेट किंवा गेट झालेल्या जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधकाला, जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार, घरभाडं वेगळं. बजेटमध्ये जुना आकडा टाकला की माणूस मिळत नाही.

ग्रँटला वेगळं बँक खातं. त्यावरचं व्याज आपलं नसतं, परत करावं लागतं. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, ठरल्या नमुन्यात वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. लेखा विभागातल्या बाबूंना प्रस्ताव लिहितानाच सामील करा. आमच्याकडे मंजुरीनंतर त्यांना पहिल्यांदा कळलं आणि त्याची किंमत पुढची दोन वर्षं चुकवली.

परदेशातून थेट पैसा घ्यायचा असेल तर आपल्या संस्थेची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी आहे का, हे आधी विचारा. 'बघू नंतर' इथे चालत नाही.

८. पेपर, पेटंट आणि सापडलेला दोष

पेटंटचा विचार असेल तर क्रम असा: आधी अर्ज, मग पेपर, मग प्रेझेंटेशन. विद्यार्थ्याने उत्साहात पोस्टर लावलं तरी नावीन्य गेलं म्हणून समजा. परदेशी जोडीदार 'आम्ही आमच्याकडे फाइल करतो' म्हणाले तर थांबा. पेटंट कायद्याच्या कलम ३९नुसार भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा फॉर्म २५ भरून परदेशात फाइल करायची परवानगी घ्यायची. न घेता केलं तर तो गुन्हा आहे.

तसंच, काही सायबर साधनं आणि कूटलेखनाचं तंत्रज्ञान सरकारच्या स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या गोष्टींच्या यादीत, येतं. ई-मेलने पाठवलेलं सॉफ्टवेअरही निर्यात ठरू शकतं. हल्ल्याचा कोड बाहेरच्या जोडीदाराला देण्याआधी संस्थेच्या कायदा सल्लागाराला यादी दाखवा.

एखाद्या कंपनीच्या पीएलसीत खराच दोष सापडला तर आधी कंपनीला कळवा, सोबत सर्ट-इनला. दोषाला अधिकृत सीव्हीई क्रमांक (दोषांच्या जागतिक यादीतला) देण्याचा अधिकार सर्ट-इनकडेही आहे. दुरुस्ती येईपर्यंत पेपरात यंत्राचं मॉडेल, आवृत्ती, प्लँटचं नाव, नकाशा यातलं काही नको. पडद्याचा फोटो टाकताना कोपऱ्यातला आयपी पत्ता झाका. आमच्या एका स्लाइडवर तो राहिला होता, मेंटेनन्सच्या साहेबांना दिसला आणि पुढचे दोन महिने गेट पास बंद.

पेपर झाल्यावर प्लँटला काय द्याल? इंग्रजी पीडीएफ कुणी उघडत नाही. आम्ही हिंदीत दोन पानं दिली: आमचा अलार्म आला तर आधी काय तपासायचं, मग काय, आणि कोणता व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा. ती लॅमिनेट करून एचएमआयशेजारी लावलीत. बऱ्हाणपूरच्या दादांनी खाली स्केचपेनने स्वतःची एक ओळ वाढवली: '६.३० बॅकवॉश, घाबरू नका.'

आणि एमओयूची मुदत संपायच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचं पत्र टाका. आमचं गेल्या महिन्यातच टाकलंय, अजून सही यायचीय.